झेड-मॅन फिनेस टीआरडी: दिसायला काहीच नाही, पण बास माशाला आवडतं

पाणी एकदम स्वच्छ, थंडी पडलेली, किंवा मासे आधीच गळ बघून बघून हुशार झालेले, अशा वेळी मोठी ल्युअर्स (खोटी आमिषं) ठेवून द्या आणि झेड-मॅन कंपनीचा हा २.७५ इंचाचा मऊ आमिषाचा तुकडा, फिनेस टीआरडी, काढा. ना पाय ना वळवळती शेपटी, खरी गंमत मटेरियलमध्ये आहे. ते मटेरियल म्हणजे इलाझटेक, आणि ते तरंगतं, त्यामुळे मशरूम जिगहेडवर (मशरूमसारखं वजनदार डोकं असलेल्या हुकवर) लावून तळाला टेकवलं की मागचं टोक वर उभं राहतं आणि आपण काही न करता हलत राहतं. हेड १/१५ किंवा १/१० औंसचं पुरे, जड लावलं की मजा गेली. टाका, तळ गाठू द्या, थोडं ओढा, थांबा (थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं!). चावा म्हणजे बऱ्याचदा लाइन नुसती जड लागते, तेव्हा जोरात झटका नको, हुक बारीक असतो, रॉड वाकवून सरळ गुंडाळायला लागा.

टिकतं मात्र भारी, एकावर कितीतरी मासे निघतात. सेन्को (असाच दुसरा मऊ प्लास्टिकचा किडा) यापेक्षा लवकर फाटतो, पण त्यात मीठ असल्याने तो बुडतो, म्हणून वजनाशिवाय वॅकी रिगला (हुक किड्याच्या मधोमध टोचतात ती पद्धत) मी तोच घेईन.

टीआरडीची कटकट एकच, बाकी मऊ प्लास्टिकच्या आमिषांसोबत एका डब्यात ठेवू नका, वितळून सगळा चिकट लगदा होतो, मूळ पाकिटातच राहू द्या. उघड्या हुकमुळे गवतात आणि फांद्यांत अडकतं ते वेगळं. रंग ग्रीन पम्पकिन घ्या, गढूळ पाण्याला काळा-निळा.