चाक उचलण्याआधी ब्रेक शिकवणारा वर्ग
पुण्याजवळच्या बंदिस्त मैदानावरील मोटरसायकल व्हीलीच्या (पुढचे चाक हवेत उचलून चालवण्याच्या) या एक दिवसाच्या वर्गात पहिले दोन तास चाक उचलूच दिले जात नाही, आणि हेच मला सर्वांत मोलाचे वाटले. कारण उचललेली गाडी मागे उलटू लागली की तिला खाली आणणारा मागचा ब्रेक उजव्या पायाच्या अंगवळणी पडलेला असावा लागतो. सरावाला केटीएम ड्यूक २०० ही मोटरसायकल मिळते. तिचे रुंद हँडल आणि ताठ बैठक यांमुळे क्लच सोडून चाक उचलणे, पुढे झुकवणाऱ्या माझ्या यामाहा आर१५ पेक्षा, बरेच सोपे गेले. चाक आपटल्यास फोर्कचे (पुढच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बर नळ्यांचे) तेल अडवणारे ऑइल सील खराब होतात, हेही शिक्षकांनी आवर्जून सांगितले. सहा जणांत एकच गाडी असल्याने दुपार मात्र ताटकळण्यातच गेली.