ट्रेनिंगचा आराखडा: प्रश्नावली पाठवावी की कर्मचाऱ्यांना सोबत बसवावं?

ट्रेनिंग कर्मचाऱ्यांना विचारून ठरवावं, हे आता बहुतेकांना मान्य आहे. वाद आहे तो कसं विचारायचं याचा. एक मार्ग प्रश्नावलीचा: सगळ्यांना फॉर्म पाठवायचा आणि उत्तरांवरून तज्ज्ञाने आराखडा करायचा. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या सहा ते आठ जणांना बसवून आराखडाच त्यांच्यासोबत करायचा. मी दोन्ही वापरले आहेत. दोन्ही चालतात, पण दोन्हींतून हाती येणारी गोष्ट सारखी नसते.

सोयीत प्रश्नावली सरळ पुढे आहे. दहा मिनिटांत भरून होते, शिफ्ट सोडावी लागत नाही, नाव न लिहिता मत देता येतं. माणसं शेकड्यांनी आणि ठिकठिकाणी विखुरलेली असतील तर दुसरा मार्ग एकट्याने पुरा पडत नाही. अजून कोणीच न हाताळलेलं नवं यंत्र येणार असेल, तर बैठकीतले लोक तरी काय सांगणार? तिथे आधी तज्ज्ञच हवा.

मला खटकते ती एकच गोष्ट, आणि माझा कल तिनेच ठरवला: पर्यायांची यादी. ही यादी करतो तो माणूस ते काम करत नसतो. तो लिहितो ‘संवादकौशल्य’, ‘एक्सेल’, ‘वेळेचं नियोजन’, ‘टीमवर्क’. लोक दोन-तीन चौकटींत टिक करतात आणि निष्कर्ष निघतो की बहुतेकांना एक्सेल हवं आहे. यावरून एक तासही आखता येत नाही. एक्सेलमधलं नक्की काय अडतं? पावती नोंदवताना मालाचे जुने आणि नवे कोड जुळत नाहीत, की सामायिक शीटमधलं सूत्र कुणाकडून तरी पुसलं जातं? पहिल्यावर उपाय कोडचा एक तक्ता, दुसऱ्यावर सेल लॉक करणं. एक्सेलचा दोन दिवसांचा कोर्स दोन्हींवर उपाय नाही. ‘इतर’ नावाचा रकाना असतो, पण माझ्या अनुभवात तो बहुधा कोराच येतो. अडचण एका ओळीत लिहायची तर ती आधी नेमकी उमगावी लागते, आणि ती उमगते सहकाऱ्याशी बोलता बोलता.

एकत्र बसण्याची पद्धत जुनी आहे. कॅनडात १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘डेकम’ पद्धत तयार झाली. तीत साधारण ५ ते १२ कुशल कामगार सुमारे दोन दिवस बसून आपल्या कामाचा तक्ता स्वतः मांडतात. इतका वेळ सगळ्यांना मिळत नाही. दोन-दोन तासांच्या दोन बैठका आणि मध्ये आठवडाभराचं अंतर, एवढ्यावर बरंच भागतं.

निवड मात्र जपून करावी लागते. निम्मे लोक मुरलेले घ्या, पण सहा महिन्यांच्या आत लागलेले निदान दोघं हवेतच. मुरलेल्या माणसाच्या हातात काम इतकं बसलेलं असतं की मधल्या पायऱ्या तो सांगायलाच विसरतो. नवख्याला त्या आठवतात, कारण तो तिथेच अडखळलेला असतो. पहिल्या बैठकीत सुपरवायझर नको, नाहीतर सगळं छान चाललंय असंच ऐकू येतं. ‘काय शिकायला आवडेल?’ असं विचारलंत तर पुन्हा विषयांची नावंच येतील. ‘गेल्या महिन्यात काम कुठे अडलं?’ असं विचारा. आधी दहा मिनिटं प्रत्येकाने न बोलता चिठ्ठ्या लिहायच्या. हे टाळलं की सगळ्यांत बोलका माणूसच आराखडा ठरवतो.

मग चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: माहीत नाही, माहीत आहे पण सराव नाही, सगळं येतं पण फॉर्म, परवानगी किंवा साधन आड येतं. तिसरा गठ्ठा ट्रेनिंगचा नाहीच, तो त्याच दिवशी संबंधित विभागाकडे गेला पाहिजे. प्रश्नावलीत हे तिन्ही एकाच टिकमध्ये मिसळून जातात.

दुसऱ्या बैठकीत जास्तीत जास्त तीन-चार अडचणी घेऊन कागदावर कच्चा धडा मांडा आणि गटाबाहेरच्या एखाद्याकडून तो करून घ्या. त्याला मदत करायची नाही, तो कुठे थांबतो ते टिपायचं. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये १९८१ ते १९८५ या काळात चाललेल्या ‘युटोपिया’ प्रकल्पात वृत्तपत्र छपाईतल्या कामगारांसोबत भविष्यातली यंत्रं अशीच पुठ्ठ्याच्या खोक्यांतून मांडून पाहिली होती. कच्च्या कागदावर लोक बिनधास्त रेघोट्या मारतात. रंगीत स्लाइड दिसली की ‘छान आहे’ म्हणून गप्प बसतात.

ही पद्धत फसतेही. बैठकीच्या वेळात त्यांचं काम कोण करणार हे ठरलं नसेल, तर अर्धे लोक फोनवर असतात. तास, खर्च आणि सक्तीचा मजकूर यांत बदल होणार नसेल तर ते सुरुवातीलाच सांगा. सर्वांत वाईट म्हणजे सूचना घेऊन पुढे काय झालं ते न कळवणं. पुढच्या वेळी कोणी मनापासून बोलत नाही. काय घेतलं, काय गाळलं आणि का, हे आठवड्याभरात पानभर लिहून पाठवा.

कर्मचारी खूप असतील तर मी तरी आधी बैठक घेईन आणि तिथे निघालेल्या अडचणी त्यांच्याच शब्दांत पाच प्रश्नांत घालून सगळ्यांना पाठवेन. आणि दोनच तास हाताशी असतील, तर दुसरी बैठक सोडा, पण चिठ्ठ्या आणि तीन गठ्ठे सोडू नका.