हळदीच्या ड्रमला वर्म गिअरबॉक्स घ्यावा की बेव्हल-हेलिकल?

सांगली-मिरज पट्ट्यात हळद पॉलिश करणारे ड्रम, एलिव्हेटर आणि कन्व्हेअर बनवणं हा माझा धंदा. यंत्र घेणारा शेतकरी किंवा व्यापारी हल्ली हमखास विचारतो, की नेहमीचा वर्म टाकताय की तो नवा बेव्हल-हेलिकल? वर्म म्हणजे स्क्रूसारखा दांडा दात्यांचं व्हील फिरवतो तो गिअरबॉक्स; बेव्हल-हेलिकल म्हणजे शंकूच्या आणि तिरक्या दात्यांच्या चाकांच्या जोड्यांचा. दोन्ही बसवले आहेत, दोन्ही चालताना पाहिले आहेत. रेशो (वेग किती पट उतरतो), टॉर्क (फिरवण्याची ताकद), सर्व्हिस फॅक्टर (ताकदीत किती पट राखीव) हे कॅटलॉगमध्ये असतंच, त्यामुळे ते इथे उगाळत नाही.

वर्मची मोठी सोय म्हणजे एकाच टप्प्यात वेग भरपूर उतरतो. १४४० फेऱ्यांची मोटर, एक स्टार्टचा (एकाच आट्याचा) वर्म, समोर ४० दात्यांचं व्हील, की ड्रमला थेट ३६ फेऱ्या. डबा लहान, आवाज जवळजवळ नाही, आणि दाते एकमेकांवर सरकत चालत असल्यामुळे ड्रममध्ये गड्डे आपटले तरी धक्का पचतो. तेवढ्याच ताकदीचा बेव्हल-हेलिकल मला मिळालेल्या कोटेशनांत साधारण दीडपट ते दुप्पट पडला. पहिल्या दिवसाच्या हिशेबात वर्म जिंकतो, यात वाद नाही.

विजेचा मुद्दा सगळे पुढे करतात, पण तो मला एवढा मोठा वाटत नाही. ४० रेशोचा वर्म ढोबळमानाने ७० टक्के ताकद पुढे पाठवतो, तर बेव्हल-हेलिकल ९४ च्या आसपास. ड्रमच्या शाफ्टला दीड किलोवॉट लागत असेल तर फरक अर्ध्या किलोवॉटचा, आठ तासांत चारेक युनिट. पॉलिशचा हंगाम काही महिन्यांचा, त्यामुळे एका ड्रमवर या बचतीतून जादा किंमत निघायला वेळ लागेल. बारमाही चालणारी मिल असेल तर गोष्ट वेगळी.

खरी अडचण ही, की तो अर्धा किलोवॉट डब्यातच उष्णता होऊन राहतो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली वर्मच्या डब्यावर हात ठेववत नाही. एवढं तापणं बिघाडाचं लक्षण नाही, वर्मचा स्वभावच तो. पण हळदीची भुकटी पंख्यांवर आणि ब्रीदरवर (डब्याच्या श्वासछिद्रावर) बसते. ब्रीदर चोंदला की आतली हवा ऑइल सीलमधून वाट काढते आणि शाफ्टखाली पिवळा चिखल जमतो. दर आठवड्याला हवेने झाडून घेतलं तर हे टळतं. घेतं कोण, हा भाग वेगळा.

‘वर्म उलटा फिरत नाही’ हे वाक्य मात्र जपून घ्या. वीज गेली की भरलेला एलिव्हेटर मागे येऊन सगळा माल बुटात (तळाच्या पेटीत) ओततो, म्हणून लोक या वाक्यावर भाळतात. ड्रमच्या ४० रेशोला, एका स्टार्टवर, तो बहुधा थांबून राहतो. एलिव्हेटरला लागतो २० चा रेशो. तिथे बहुतेक दोन स्टार्टचा वर्म असतो, चढकोन (आट्यांचा तिरकेपणा) मोठा, आणि तो मागे येऊ शकतो. शिवाय नवा असताना धरून ठेवणारा डबा दाते गुळगुळीत झाल्यावर, गरम तेलात, जरा धक्का बसताच सरकू लागतो. साधा हिशेब असा: चालताना ज्याची कार्यक्षमता निम्म्याच्या वर आहे, तो चालू स्थितीत स्वतःहून लॉक होत नाही. एकाच दमात ८० टक्के कार्यक्षमता आणि सेल्फ लॉकिंग दोन्ही सांगणाऱ्याला चहा पाजा, पण एलिव्हेटरला बॅकस्टॉप (उलटं फिरणं अडवणारा भाग) लावाच. तो बेव्हल-हेलिकललाही लागतोच, तेव्हा इथे दोघं बरोबरीत.

माझा कल ठरवला तो तेलाने.

वर्मचं व्हील फॉस्फर ब्राँझचं. त्याला घट्ट तेल लागतं, सहसा ४६० ग्रेडचं, आणि ब्राँझला न खाणारं. खेड्यात, ऐन हंगामात, पातळी उतरलेली दिसली की माणूस काय ओततो? ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं ईपी-९०. ते प्रत्येक गोठ्यात असतं. एक तर ते पातळ, साधारण २२० ग्रेडच्या जवळपास. दुसरं, त्यातली गंधकाची ईपी (जास्त दाब सोसायला घातलेली) द्रव्यं तापलेल्या ब्राँझवर काम करू लागतात. ही द्रव्यं जास्त असलेलं जीएल-५ दर्जाचं तेल असेल तर अधिकच. पुढच्या हंगामाआधी तेल काढलं की ते सोनेरी चकाकतं, आणि व्हीलचे दाते टोकाशी चाकूसारखे झालेले असतात. छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यांत याहून वाईट घडतं. त्यांतल्या बऱ्याच डब्यांत कारखान्यातूनच पॉलिग्लायकॉल हे कृत्रिम तेल भरून येतं आणि साधं खनिज तेल त्यात मिसळत नाही. मी डब्यावर रंगाने तेलाचं नाव लिहिलं, सोबत कॅनही दिला. कॅन घरी राहतो आणि ट्रॅक्टर दाराशी असतो.

बेव्हल-हेलिकलमध्ये सगळे दाते पोलादाचे, आणि बऱ्याच डब्यांना मुळात २२० ग्रेडचं ईपी तेलच सांगितलेलं असतं. म्हणजे शेतकऱ्याने चुकून जे ओतलं, ते निदान योग्य तेलाच्या जवळचं ठरतं. तेच भरा असं मी सांगत नाही, पण भरलं गेलं तर हंगाम निघतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या डब्यांत वर्मच जास्त असतात. विकलेही तेच जास्त गेलेत, त्यामुळे यावरून फार ताणू नये.

त्याची दुखणीही आहेत. गोटा अडकून ड्रम एकदम थांबला तर पोलादी दात पचवत नाही, तुटतो. बेव्हलची जोडी एकत्र जुळवलेली असते, एक गेला तर दोन्ही बदलावे लागतात, आणि ती कंपनीकडूनच यावी लागते. मार्चमध्ये ती वाट पाहणं म्हणजे शिक्षा. वर्मचं व्हील आपल्या एमआयडीसीत कोणीही कापून देतो. फक्त हॉब (दाते कापणारं हत्यार) मूळ वर्मशी जुळणारा हवा, नाहीतर दाते कडेवरच टेकतात आणि नवं व्हीलही लवकर जातं.

तेव्हा ड्रम आणि एलिव्हेटर रोज आठ-दहा तास चालणार असतील आणि यंत्र गावातल्या माणसांच्या हाती राहणार असेल, तर जमल्यास पैसे घालून बेव्हल-हेलिकल घ्या, सर्व्हिस फॅक्टर दीडच्या खाली नको, आणि ड्रमसाठी कपलिंगला शिअर पिन (ताण वाढला की आधी तुटणारी) मागा. हॉपरचं गेट, वजनकाट्याजवळचा छोटा फीडर, दिवसातून अधूनमधून हलणारं काहीही असेल, तिथे वर्मच बरा. मी स्वतः तिथे अजून तोच बसवतो. कोटेशन मागताना रेशोबरोबर स्टार्ट किती, आत कोणतं तेल भरून येणार आणि थर्मल रेटिंग (जास्त न तापता पेलायची ताकद) किती तापमानाला धरलंय, हे लेखी घ्या. बाहेरचं तापमान २० अंश धरलेला आकडा आपल्या एप्रिलला पुरत नाही.