पश्चिमेच्या काचेला बाहेरून मोटरवाला स्क्रीन: उन्हाला मस्त, बाकी थोडी कटकट

आमचा हॉल पश्चिमेचा, बाणेरला दहावा मजला, समोर अडवायला काही नाही आणि बिल्डरने व्ह्यूच्या नावाखाली खालपासून वरपर्यंत काच दिलेली. एप्रिल-मेमध्ये तीन वाजल्यानंतर सोफ्यावर बसवत नाही, एसी ढणाढणा चालू आणि काचेजवळ गेलं की धग. छज्जा आहे, पण पश्चिमेला त्याचा काय उपयोग, ऊन आडवं येतं. मे महिन्यात दुपारी पुण्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा छज्जा ठीक, चार-पाचला ऊन सरळ टीव्हीवर.

डीलरकडे गेलो तर त्याने आधी स्मार्ट फिल्म दाखवली. बटण दाबलं की काच पारदर्शक, बंद केलं की दुधासारखी पांढरी. दिसायला भारीच, बायको तर खूश. पण ही फिल्म उजेड अडवत नाही, नुसता विखुरते, त्यामुळे पलीकडचं दिसत नाही पण उष्णता बऱ्यापैकी आत येतेच. बेडरूम-बाथरूमच्या पार्टिशनला घ्या, उन्हासाठी नको. खरी गडद होणारी काच वेगळी, तिच्यात टंगस्टन ऑक्साइडचा थर असतो, थोडा करंट दिला की लिथियमचे आयन आत सरकतात आणि काच हळूहळू निळसर होत जाते, मोठ्या काचेला काही मिनिटं लागतात. ती चांगली, पण अख्खी काच बदलायची आणि किंमत ऐकून मी विषय बदलला.

मग त्याने अबुधाबीच्या अल बहार टॉवर्सचा व्हिडिओ लावला, २०१२ च्या त्या बिल्डिंगी, बाहेरच्या छत्र्या सूर्य फिरेल तशा उघडतात-मिटतात. मी म्हटलं अहो काका, यातली गंमत हीच की सावली काचेच्या बाहेर आहे! आपल्या हडपसरचं सुझलॉन वन अर्थ हे ऑफिस कॅम्पस बघा, तिथेही बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचे लूव्हर्स, म्हणजे ऊन अडवणाऱ्या पट्ट्या आहेत. एकदा ऊन काचेतून आत आलं की आतला पडदा तापतो आणि तीच उष्णता खोलीत सोडत बसतो, कितीही जाड ब्लॅकआउट लावा.

तर शेवटी घेतला बाहेरून बसणारा झिप स्क्रीन, म्हणजे जाळीदार कापड, दोन्ही बाजूंना ट्रॅक, वर मोटर, सोबत ऊन आणि वाऱ्याचा सेन्सर. उन्हाचं काम एक नंबर. काच आतून हाताला जवळजवळ गार लागते, एसी २६ वर भागतो, संध्याकाळी तर नुसता पंखा पुरतो. जाळीतून बाहेरचं दिसतं पण, टेकडी दिसते, अंधारकोठडी होत नाही. रात्री आत लाइट लावला की मात्र बाहेरून सगळं दिसतं, त्याला आतला पडदा हवाच.

आता कटकट. ढग येत-जात असले की सेन्सर वेड्यासारखा वर-खाली करतो, सेटिंगमध्ये डिले वाढवून घ्या, इन्स्टॉलर आपणहून सांगत नाही. वळवाच्या वाऱ्यात स्वतःहून वर जातो हे बरं, पण नेमकी तेव्हाच लाइट जाते आणि हा अर्ध्यावर फडफडत राहतो! हँडलने फिरवायची सोय असलेलीच मोटर मागा, आम्हाला ती नंतर वेगळे पैसे देऊन बसवावी लागली. शेजारी बांधकाम चालू असेल तर ट्रॅकमध्ये धूळ बसते, ब्रश मारत राहा. आणि वरच्या बॉक्सवर कबुतरं, त्याला काही उपाय नाही, खिळ्यांची पट्टी लावली तर ती तिच्यावरच घरटं करतात.

सोसायटीची परवानगी आधी लेखी घ्या, बाहेरून एलिव्हेशन, म्हणजे बिल्डिंगची दर्शनी बाजू बदलते म्हणून आमच्या कमिटीने रंगावरून दोन मीटिंगा घालवल्या, शेवटी बिल्डिंगच्याच राखाडी शेडवर तडजोड. फिटिंगची पोरं मात्र चांगली होती, दोरीला लटकून नीट काम केलं, कचरा पण उचलून नेला. डीलर पैसे मिळेपर्यंत गोड, नंतर फोन तिसऱ्या रिंगला कट. पाचपैकी स्क्रीनला साडेचार, डीलरला दोन.