पेटीवाल्या काकांचा कीबोर्ड क्लास, राजारामपुरी

जय ख्रिस्त मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या कीबोर्ड क्लासला मी चार महिने जातोय म्हणून लिहितो. आधी माझं सांगतो, मी चर्चमध्ये पंचवीस वर्षं पेटी वाजवतो, 'उपासना संगीत' ह्या आमच्या गीतपुस्तकातली गाणी तर पुस्तक न उघडता, आणि तरुण संघाची पोरं ड्रम गिटार घेऊन नवीन वर्शिप साँग म्हणायला लागली की मी सरळ बाहेर जाऊन चप्पल शोधायचो. एकच ओळ आठ वेळा, ह्याला काय गाणं म्हणायचं?

मग पाळकसाहेब म्हणाले पोरांना कीबोर्डवाला नाही, तुम्हीच शिका. घ्या आता.

सर माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, मला काका म्हणतात पण चुकलं की सोडत नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाले काका तुम्ही सगळी चाल वाजवताय, ती गाणाऱ्याला गाऊ द्या की. आता पेटीवाल्याला हेच तर शिकवलेलं असतं, गळ्याच्या मागं मागं बोटं पळवायची. इथं डाव्या हाताला एक सूर, उजव्याला तीन, आणि गप्प बसायचं. सी, जी, ए मायनर, एफ हे चार कॉर्ड (एकदम दाबायचे तीन सूर), म्हणजे पेटीवरच्या आपल्या पांढरी एक, पाच, सहा, चारवरचे, एवढ्यावर अर्धी गाणी निघतात. सोपं वाटतं ना? मला दोन आठवडे गप्पच बसता येईना, बोट आपोआप चालीकडं जायचं.

पण तिथंच डोक्यात उजेड पडला. जुन्या गाण्यात चाल सगळ्या कडव्यांना तीच आणि पुढं सरकतात ते शब्द. ह्या नव्या गाण्यात शब्द थांबतात आणि वाद्यं सरकतात, पहिल्या कडव्याला नुसता पॅड, म्हणजे कीबोर्डचा लांब धरलेला मऊ सूर, मग बास, मग ड्रम, आणि शेवटी सगळं बंद करून नुसते लोक गातात. ती आठवी ओळ पहिलीसारखी नसतेच. आणि आपल्याकडं भजनात पालुपद किती वेळा फिरतं ते कोण मोजतंय?

सर ख्रिस्ती नाहीत बरं का, त्यांनीच विचारलं काका तुमची जुनी गाणी पहिल्यापासून अशीच होती काय. मग सांगितलं, मिशनऱ्यांनी इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवलेली गाणी होती, अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब कोल्हापुरात आले १८५२ ला, आणि १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी चर्चसाठी अभंग आणि भजनं लिहिली. सांगता सांगता मीच गप्प झालो, म्हणजे मी जे जुनं जुनं म्हणून छातीशी धरतोय ते त्यांनी नवं म्हणूनच लिहिलं होतं.

तक्रार मात्र आहेच. नवीन गाण्यांची भाषांतरं लई वाईट असतात, चाल इंग्रजीची आणि 'आहेस' मधला 'हेस' चार मात्रा ताणायचा, ऐकणाऱ्याला लाज वाटते. आणि 'मी, माझं, मला' जरा जास्तच. टिळकांच्या एका कडव्यात जेवढा मजकूर तेवढा ह्यांच्या तीन गाण्यांत नाही, हे मत बदललेलं नाही.

क्लासबद्दल: फी महिन्याला बाराशे, आठ तास. सर शिकवताना मोबाईल बघत नाहीत. ट्रान्सपोजचं बटण, म्हणजे गाण्याची पट्टी वरखाली करायचं, नीट समजावलं, काळी चारची गाणी उणे चार करून पांढरी तीनवर आणली तेव्हा आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बायकापण गायला लागल्या, नाहीतर रेकॉर्डिंगवाला ओरडतो तिथं आपल्याला पोहोचता येत नाही. एक स्टार कापला तो गाडी लावायला जागा नाही म्हणून, आणि एका कीबोर्डचा मधला सा दाबला की अडकतो, चार महिने सांगतोय. संध्याकाळी सातची बॅच घेऊ नका, शेजारच्या हॉलमध्ये झुम्बा असतो.