‘हलाल मुनाफा’च्या नावाखाली अब्बांचे रिटायरमेंटचे पैसे गेले, सावध राहा

आमचे अब्बा एसटीत मेकॅनिक होते. व्याज हराम म्हणून आयुष्यभर एफडी केली नाही. सेव्हिंग खात्यावर जे व्याज पडायचं त्याच्या नोंदीला पासबुकात लाल पेनने गोल करायचे आणि वर्षाअखेर तेवढी रक्कम सवाबची (पुण्याची) नियत न ठेवता गरजूला देऊन टाकायचे. बरोबर अशीच माणसं हे ‘हलाल मुनाफा’वाले लोक हेरतात.

मशिदीतल्या ओळखीचा एकजण घरी आला, हातात कंपनीचं ब्रोशर, वर बिस्मिल्लाह, आत फतवा छापलेला. सोन्याचा व्यापार आहे, मुदारबा (एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत अशी भागीदारी) आहे, तुम्ही पार्टनर, व्याजाचा संबंधच नाही, महिन्याला अडीच टक्के मुनाफा पक्का. ग्रॅच्युइटी आणि पीएफचे मिळून नऊ लाख अब्बांनी दिले. सुरुवातीला पैसे अगदी वेळेवर यायचे म्हणून त्यांनी फुफीलाही सांगितलं आणि तिने बांगड्या मोडून पैसे भरले. मग सर्व्हर डाऊन, मग रमजाननंतर बघू, मग ऑफिसला कुलूप. अब्बांना स्वतःच्या पैशांपेक्षा त्या बांगड्यांचं जास्त लागलंय.

आता नीट वाचा. मुदारब्यात नफा ठरलेल्या हिश्शाने वाटतात आणि धंद्यात खोट आली तर ती भांडवल लावणाऱ्याची. मग दर महिन्याला पक्के अडीच टक्के आले कुठून? भांडवलावर आधीच ठरवून दिलेला परतावा म्हणजे रिबाच, व्याजच की! तो ब्रोशरवाला हलालच्या नावाने तेच विकत होता. बंगळुरूच्या आयएमए या ‘हलाल’ गुंतवणूक कंपनीतही लोकांना एलएलपीचे (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचे) पार्टनर करून घेतलेलं, जून 2019 मध्ये मालक मन्सूर खान दुबईला पळाला आणि लोकांचे हजारो कोटी अडकले. हलालच हवं तर टाटा एथिकलसारखे सेबीकडे नोंदलेले फंड आहेत, ते बँका, दारू असले शेअर घेत नाहीत, पण तिथे पक्का मुनाफा कोणी कबूल करत नाही, वरखाली होतंच. कोणी घरी येऊन स्कीम सांगितली तर आधी रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर कंपनी बघा.

आमच्याकडे एजंट अजून सांगत फिरतायत की सबर करा, पोलिसात गेलात तर कंपनी बुडेल. अजिबात ऐकू नका. पावत्या, करार, व्हॉट्सॲप मेसेज सगळं जपून ठेवा आणि पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत एमपीआयडी (महाराष्ट्रातल्या ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या) कायद्याखाली तक्रार द्या, कागदावर पार्टनर लिहिलं असलं तरी द्या, त्या कायद्यात मालमत्ता जप्त करता येते.