आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड: दहावीनंतर घ्यावा का?

घरात कमावणारा एकच, दहावीला जेमतेम मार्क, खासगी डिप्लोमाची फी झेपणारी नाही. अशा पोट्ट्यासाठी शासकीय आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड आजही पैसा वसूल आहे. कोर्स दोन वर्षांचा असला तरी हिशेब तीन वर्षांचा धरा, तिसरं अप्रेंटिसशिपचं, म्हणजे कंपनीतल्या शिकाऊ उमेदवारीचं.

नागपूरच्या श्रद्धानंद पेठेतल्या शासकीय आयटीआयसकट सगळे प्रवेश डीव्हीईटीच्या (राज्याचं व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय) पोर्टलवरून गुणवत्तेनं होतात. तुकडीत जागा २० च आणि या ट्रेडला झुंबड, म्हणून पसंतीच्या यादीत खाली वायरमन ट्रेडही भरून ठेवावा. पसंतीक्रम मात्र सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका. पहिल्या पसंतीची जागा लागली की ती घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्या बंद.

पहिल्या वर्षी ८४० तास प्रात्यक्षिक, २४० तास थिअरी. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी आणि प्रात्यक्षिकात पास व्हायला ६० टक्के लागतात. सकाळी काम करून कॉलेज सांभाळणाऱ्यांची गाडी हजेरीवरच अडते. ट्रेडची खरी किंमत कळते ती स्टार-डेल्टा स्टार्टरपाशी, म्हणजे मोठी मोटर सुरू करणाऱ्या पॅनलपाशी. स्टार आणि डेल्टा या मोटरच्या वाइंडिंगच्या दोन जोडण्या. मोटर आधी स्टारमध्ये सुरू केली की सुरुवातीचा करंट थेट डेल्टाच्या एक तृतीयांशावर येतो, मग टायमर तिला डेल्टावर टाकतो. स्टार आणि डेल्टाचे कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की ओढले जाणारे स्विच) एकाच वेळी ओढले गेले तर सरळ शॉर्ट. ते टाळायला एकाचा एनसी कॉन्टॅक्ट (एरवी जोडलेला, तो ओढला गेला की सुटणारा) दुसऱ्याच्या कॉइलच्या वाटेत घालतात, हेच इंटरलॉकिंग. वहीत आकृती सगळ्यांचीच सुबक असते. पॅनलभोवती सहा जण आणि स्क्रू ड्रायव्हर एकाच्याच हातात, असं चाललं तर बाकीचे पाच हे इंटरलॉकिंग नोकरीच्या ठिकाणी फ्यूज उडवूनच शिकतात. जागा घेण्याआधी सीनियर मुलांना एवढंच विचारा: पॅनल स्वतः जोडायला मिळतं का?

एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचे (नोकरीसाठीच्या तयारीचा विषय) पहिल्या वर्षी १२० तास आहेत. बायोडेटा आणि दोन वाक्यं इंग्रजी एवढ्यावर ते संपले तर फुकट. मेंटेनन्सच्या मुलाखतीत ड्रॉइंग पुढे सरकवतात, मेगरचं (इन्सुलेशन तपासायचं मीटर) रीडिंग काय सांगतं ते विचारतात.

अप्रेंटिसशिपला बहुतेकांचं घोडं नावावर अडतं. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, मधल्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीआधी आधार मार्कशीटप्रमाणे करून घ्या आणि बँक खातं आधारला जोडा, कारण स्टायपेंडमधला सरकारी वाटा (२५ टक्के, कमाल १,५०० रुपये) थेट त्याच खात्यात येतो. २०१९ च्या नियमांत आयटीआय पास मुलाला महिना किमान ७,००० रुपये ठरले. त्याखाली कुणी बोललं तर करारावर सही नको. करारात ट्रेड इलेक्ट्रिशियनच लिहिलाय ना, तेही वाचा. कागदावर इलेक्ट्रिशियन आणि ड्युटी पॅकिंगवर, हा प्रकार नवा नाही.

अप्रेंटिसशिपची कंपनी हिंगणा एमआयडीसीत असेल तर मेट्रोनं लोकमान्य नगरपर्यंत जाता येतं. बुटीबोरीच्या एमआयडीसीला कंपनीची बस नसेल तर स्टायपेंड पेट्रोलमध्येच जातो, तेव्हा बसचं आधी विचारा.

पुढे शिकायचं असेल तर राज्य मंडळाचे दोन भाषा विषय देऊन बारावीची समकक्षता मिळते, डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही अर्ज करता येतो. घरोघरी वायरिंगची कामं घ्यायची तर वायरमन परवाना मात्र वेगळा काढावा लागेल.